पाटी बदलली, सही तीच

दुकानाची पाटी बदलली की पेढे वाटायचे, ही आमच्याकडची रीत. त्यातही पेढे भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याचे असले, तर नाही म्हणवत नाही. बँकेच्या नोकरीत असे पेढे मी पुष्कळ खाल्ले. १९९७ सालच्या दसऱ्याला खाल्लेला एक पेढा मात्र आजही आठवला की तोंड कडू होते.

तेव्हा जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते. धाराशिव हे नाव सरकारदरबारी लागले ते २०२३ साली. मी तालुक्याच्या एका गावी शाखेत कर्जाचे काम पाहत होतो. गावात तीन भावांची डाळ मिल होती. १९८४ पासूनची भागीदारी पेढी. पाटीवर वडिलांचे नाव आणि पुढे 'आणि सन्स'. थोरले भाऊ शेती सांभाळून मिलवर येत, मधले तुरीची खरेदी पाहत आणि धाकटे बी.कॉम. झालेले, म्हणून वह्या आणि बँक त्यांच्याकडे. पेढीला आमच्या शाखेचे कॅश क्रेडिट होते. त्याला तारण होते गोदामातला माल, मिलची जागा आणि थोरल्यांच्या नावावरची सहा एकर जमीन.

लातूरच्या बाजारात ऊठबस वाढली तसे धाकट्यांच्या मनात कंपनी काढायचे आले. 'प्रायव्हेट लिमिटेड' म्हटले की मोठे खरेदीदार वेगळ्या नजरेने पाहतात, असे त्यांचे म्हणणे. आणि ते चुकीचे नव्हते. थोरल्यांना त्यात गोडी नव्हती. त्यांनी आपला हिस्सा घेतला आणि ते शेतीकडे वळले. मधल्या आणि धाकट्या भावांनी कंपनी नोंदवली, तिने मिलचा धंदा विकत घेतला, रंगारी येऊन पाटी नवी करून गेला, आणि धाकटे पेढ्यांचा पुडा घेऊन शाखेत आले. मी अभिनंदन केले. थोरलेही बरोबर होते. "सुटलो बुवा एकदाचा," असे ते हसत म्हणाले. मी काही बोललो नाही.

ते सुटलेले नव्हते, हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होते.

सात वर्षांनी, २००४ साली, मी विभागीय कार्यालयात वसुलीच्या कामावर असताना एक बाई मुलाला घेऊन एस.टी.ने आल्या. पिशवीतून त्यांनी वकिलाची नोटीस काढून माझ्या टेबलावर ठेवली. थोरल्यांच्या पत्नी होत्या त्या. थोरले आदल्या वर्षी वारले होते. कंपनी थकली होती, आणि नोटिशीत त्या सहा एकरांचा गट नंबर होता. "साहेब," त्या म्हणाल्या, "मिल लिमिटेड झाली तवाच हे बाजूला झाले होते की. तुमी तर होता तिथं. मग आमच्या रानावर कागद कामून आला?"

त्यांना मी त्या दिवशी जमेल तसे उत्तर दिले. पुरते उत्तर आज या पानावर देत आहे. कारण हा प्रश्न आता एका घराचा राहिलेला नाही. पूर्वी भागीदारी पेढीची थेट कंपनी म्हणून नोंदणी करायची तर निदान सात सभासद लागत. कंपनी कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ही अट दोनवर आली. त्याआधीच, २००८ च्या कायद्याने, मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा म्हणजे 'एलएलपी'चा आणखी एक दरवाजा उघडला होता. आज दोन भाऊ किंवा बापलेक यांची पेढीही सहज 'लिमिटेड' होऊ शकते. बदल सोपा झाला ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र बदलाने काय बदलते आणि काय बदलत नाही, हे समजून घेणे तेवढे सोपे झालेले नाही.

'लिमिटेड' हा शब्द कोणासाठी?

व्यापार आपल्याला नवा नाही. आमच्या तेरचा, म्हणजे प्राचीन तगरचा माल दोन हजार वर्षांपूर्वी भडोचच्या बंदरापर्यंत जात होता. नवी आहे ती मर्यादित जबाबदारीची कल्पना. हिंदुस्थानात ती कायद्याने आली १८५७ साली. कल्पना अशी की, ज्याने कंपनीत शंभर रुपयांचा शेअर घेतला त्याचे फार तर शंभर रुपये बुडावेत. त्याच्या घरावर, शेतावर, बायकोच्या दागिन्यांवर कंपनीच्या कर्जासाठी कोणी येऊ नये. अनोळखी माणसांचे भांडवल धंद्यात यायचे तर त्यांना धोक्याची हद्द आधी सांगितली पाहिजे, हा त्यामागचा व्यवहार.

आपल्याकडचे ठळक उदाहरण किर्लोस्करांचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा धंदा बेळगावात १८८८ साली सायकलींच्या दुकानाने सुरू झाला. १९१० साली औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने कारखाना कुंडल रोडला आला, तीच किर्लोस्करवाडी. १९२० साली त्या धंद्याची मर्यादित कंपनी झाली. आजही तिच्या नावात 'ब्रदर्स' आणि 'लिमिटेड' हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. पहिला शब्द घराचा, दुसरा बाहेरच्या जगाचा.

या दुसऱ्या शब्दाबद्दल आपल्याकडे एक गमतीचा गैरसमज आहे. तो मालकाच्या प्रतिष्ठेसाठी लावतात, असे आपण समजतो. वास्तविक कायद्याने तो लावायला सांगितला आहे समोरच्याला सावध करण्यासाठी. 'बाबा रे, इथे उधारी देशील तर कंपनीच्या मालमत्तेपुरतीच वसुली होईल, मालकाच्या घरापर्यंत तुला जाता येणार नाही', असे तो शब्द सांगतो. म्हणूनच कंपनीचे नाव व पत्ता कचेरीबाहेर ठळक लावावा, आणि तो स्थानिक भाषेच्या लिपीत नसेल तर त्याही लिपीत लिहावा, असे कंपनी कायदा सांगतो. आमच्या जिल्ह्यात याचा अर्थ पाटी देवनागरीतही हवी. तुरीचे पोते उतरवणाऱ्या शेतकऱ्याला ती वाचता आली पाहिजे.

मर्यादित जबाबदारीचा विषय निघाला की वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना सॉलोमनचा खटला सांगतात. आरन सॉलोमन हा लंडनच्या व्हाइटचॅपल भागातला बूट तयार करणारा व्यापारी. १८९२ साली त्याने आपल्या धंद्याची कंपनी केली. भागधारक सात : तो, त्याची बायको, एक मुलगी आणि चार मुलगे. २०,००७ शेअरांपैकी २०,००१ त्याचे एकट्याचे. थोड्याच दिवसांत कंपनी बुडाली. ज्यांचे पैसे येणे होते ते घेणेकरी खवळले. कंपनी म्हणजे सॉलोमनच, तेव्हा त्यानेच पैसे भरावेत, असे म्हणणे पुढे आले. १८९६ च्या अखेरीस हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला : कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने वेगळी व्यक्ती आहे, तिचे कर्ज ते तिचे कर्ज, सॉलोमनचे नव्हे.

एवढे सर्वांना ठाऊक असते. त्याच खटल्यातली एक गोष्ट मात्र सांगायची राहून जाते. कंपनीला धंदा विकल्यावर त्या किमतीतून सॉलोमनने जुन्या धंद्याच्या सर्व घेणेकऱ्यांचे पैसे पूर्ण चुकते केले होते. कंपनी बुडाली तेव्हा जे घेणेकरी उभे होते ते नव्या कंपनीचे. जुन्या काळातला एकही शिल्लक नव्हता. त्याला कायद्याने संरक्षण दिले ते पुढच्या कर्जापुरते. मागचे त्याने आधीच फेडले होते. आपण त्याच्याकडून कंपनी काढायला शिकलो. मागचे फेडायला शिकलो नाही.

भागीदार जातो, सही राहते

मागच्या कर्जाचा कायदा हा कंपनीचा कायदा नव्हे. तो १९३२ सालचा भारतीय भागीदारी कायदा. त्याच्या २५व्या कलमात आपल्या घरोघरच्या धंद्यांचे भवितव्य लिहिलेले आहे. प्रत्येक जण भागीदार असताना पेढीने जे केले, त्यासाठी तो इतरांसह एकत्रितपणे आणि एकटाही जबाबदार असतो. 'एकटाही' हा शब्द महत्त्वाचा. तीन भावांचे तीस लाखांचे देणे असेल तर माझ्या वाट्याला दहा, असा हिशेब भावाभावांत चालतो. घेणेकऱ्यासमोर चालत नाही. तो तीसच्या तीस लाख एकाकडूनही मागू शकतो. मग त्या एकाने इतर दोघांकडून त्यांचा वाटा मागत बसावे.

भागीदार निवृत्त झाला तर? ३२वे कलम सांगते की, निवृत्तीआधीच्या देण्यातून सुटका हवी तर घेणेकऱ्याशी आणि उरलेल्या भागीदारांशी तसा करार झाला पाहिजे. वागणुकीवरूनही असा करार मानता येतो, पण ते कोर्टात सिद्ध करावे लागते. शिवाय निवृत्तीची जाहीर सूचना दिली नाही, तर निवृत्तीनंतरच्या व्यवहारांचीही जबाबदारी अंगावर येऊ शकते. भावाभावांनी स्टँपपेपरवर 'आता याचा पेढीशी संबंध नाही' असे लिहून घेतले, तर तो कागद त्या भावांना बांधतो. बँक त्या कागदाची पक्षकार नसते. तिला तो बांधत नाही.

थोरल्यांकडे असाच कागद होता. बाईंनी तो मला दाखवलाही. नोटरीचा शिक्का होता, साक्षीदार होते. बँकेची सही तेवढी नव्हती.

मी त्या दिवशी काय केले

आता माझ्या बाजूचे सांगतो. बँकेच्या परीक्षांत एक प्रश्न हमखास येई : भागीदारी पेढीच्या रचनेत बदल झाला तर खात्याचे काय कराल? उत्तर ठरलेले : खाते थांबवा. याला आधार १८१६ सालच्या क्लेटन खटल्यातल्या नियमाचा. चालत्या खात्यात जी रक्कम जमा होते ती सर्वांत जुनी उचल आधी फेडते, असे धरायचे. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचे ६१वे कलमही, कोणती जमा कोणत्या कर्जापोटी हे कोणी ठरवले नसेल तेव्हा, हाच कालक्रम पाळायला सांगते.

याचा अर्थ काय होतो पाहा. मिलचे खाते कंपनीच्या नावाने तसेच पुढे चालू राहिले असते, तर नव्या हंगामातल्या जमेने जुन्या पेढीचे कर्ज फिटत गेले असते आणि नव्या उचलीने कंपनीचे नवे कर्ज उभे राहिले असते. एका हंगामात थोरल्यांच्या काळातले सारे देणे संपले असते. त्यांना कोणाकडे काही मागावेही लागले नसते.

मी खाते थांबवले. त्या दिवसाची बाकी काढली, तिचे वेगळे हप्त्याचे कर्ज केले, ते कंपनीने फेडायचे ठरले, आणि मंजुरीच्या पत्रात एक ओळ घातली : जुन्या भागीदारांवरील आणि त्यांच्या तारणावरील बँकेचे हक्क अबाधित ठेवून. पत्रावर तिघांनीही सह्या केल्या. थोरल्यांनी विचारले, "कुठं करू?" मी बोट ठेवले, तिथे त्यांनी केली. मी जे केले ते बँकेच्या दृष्टीने शंभर टक्के बरोबर होते. बँकेचा पैसा म्हणजे गावातल्या पेन्शनरांचा आणि शेतकऱ्यांचा पैसा. तो राखणे हे माझे कामच होते. पण त्या ओळीचा अर्थ सांगायला कोणी मला मनाई केलेली नव्हती.

मी कादंबऱ्या लिहितो. कादंबरीत पात्राचे नाव मध्येच बदलले तरी त्याचा भूतकाळ बदलत नाही, हे मला लिहिताना कळते. कर्जाच्या फायलीत ते मला आधीपासून कळत होते. मी ते सांगितले नाही एवढेच.

तीन वाटा, तिन्हींवर जुने देणे

पेढीची कंपनी होण्याच्या ढोबळमानाने तीन वाटा आहेत. पहिली वाट आमच्या भावांनी घेतली ती. नवी कंपनी काढायची आणि तिने पेढीचा धंदा विकत घ्यायचा. यात मालमत्ता कंपनीकडे जाते, पण देणे आपोआप जात नाही. माल विकता येतो. कर्ज घेणेकऱ्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. कंपनीने 'आम्ही फेडू' असे कबूल केले तरी तो मालकांचा आपसातला करार.

दुसरी वाट थेट नोंदणीची; २०१३ च्या कंपनी कायद्याच्या ३६६व्या कलमाखालची. यात पेढीच कंपनी म्हणून नोंदली जाते आणि तिची मालमत्ता कायद्यानेच कंपनीत येते, वेगळे खरेदीखत लागत नाही. यासाठी तारण घेतलेल्या घेणेकऱ्यांची संमती किंवा ना हरकत लागते, आणि एक इंग्रजी व एक स्थानिक भाषेतली अशा वृत्तपत्रांत जाहिरात द्यावी लागते. पण कायद्याने येथेही स्पष्ट करून ठेवले आहे की, नोंदणीपूर्वीच्या कर्जाबाबतचे हक्क आणि जबाबदाऱ्या नोंदणीने बदलत नाहीत. बँकेचे ना हरकत पत्र म्हणजे कंपनी करायला हरकत नाही. ते भागीदाराला मोकळे केल्याचे पत्र नव्हे. हे दोन कागद एकच आहेत असे समजून कपाटात ठेवणारी घरे मी पाहिली आहेत.

तिसरी वाट एलएलपीची. २००८ च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत तर अगदी उघड शब्दांत म्हटले आहे की, रूपांतरापूर्वीच्या देण्यांसाठी आणि रूपांतरापूर्वी केलेल्या करारांतून उद्भवणाऱ्या देण्यांसाठी प्रत्येक भागीदार एलएलपीबरोबर व्यक्तिशः जबाबदार राहील. त्याने ते फेडले तर, वेगळा करार नसल्यास, एलएलपीने त्याची भरपाई करावी. शिवाय रूपांतरानंतर बारा महिने प्रत्येक अधिकृत पत्रावर 'ही पूर्वीची अमुक पेढी' असे छापावे लागते. म्हणजे नव्या नावाखाली जुने नाव वर्षभर दिसलेच पाहिजे. जगाला फसवू नये, एवढाच त्याचा हेतू.

तात्पर्य, कोणत्याही वाटेने गेले तरी एक तारीख मध्ये उभी असते. त्या तारखेनंतरच्या देण्याला भिंत आहे. आधीच्या देण्याला नाही.

भिंतीला पाडलेले भगदाड

आणि त्या तारखेनंतरची भिंत तरी पक्की आहे का? येथे वैयक्तिक हमीचा विषय येतो. छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक बहुधा संचालकांची आणि पुष्कळदा घर ज्यांच्या नावावर आहे त्यांचीही हमी घेते. करार कायद्याच्या १२८व्या कलमाप्रमाणे, वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. 'आधी कंपनीकडून वसूल करा, मग माझ्याकडे या,' असे जामीनदाराला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच दामोदर प्रसाद यांच्या खटल्यात हे सांगितले. म्हणजे कंपनी काढून जी भिंत बांधली, तिला आपल्याच सहीने भगदाड पाडले.

अलीकडे हे भगदाड आणखी रुंद झाले आहे. दिवाळखोरी संहितेतल्या, कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांविषयीच्या तरतुदी १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाल्या. त्यांना दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २१ मे २०२१ रोजी ललितकुमार जैन प्रकरणात फेटाळले. कंपनीची योजना मंजूर होऊन तिचे कर्ज कमी रकमेत मिटले, तरी तेवढ्याने जामीनदार आपोआप सुटत नाही, असे न्यायालय म्हणाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये या तरतुदींतली कार्यपद्धतीही न्यायालयाने कायम ठेवली. गाजली ती मोठ्या उद्योगपतींची नावे, त्यामुळे सामान्य वाचकाला हे आपले वाटले नाही. पण कायद्यात जामीनदार हा जामीनदार; तो मुंबईच्या मलबार हिलवर राहतो की उमरग्याच्या पेठेत, याने फरक पडत नाही.

करांचेही तसेच. खासगी कंपनीकडून जीएसटीची थकबाकी वसूल झाली नाही तर ती संचालकांपर्यंत येऊ शकते. आपल्या घोर हयगयीमुळे किंवा कर्तव्यच्युतीमुळे वसुली अडलेली नाही, हे त्यांना सिद्ध करावे लागते.

आता थोडा उलटा विचार करा. बँकेजवळ हमी आहे, गहाणखत आहे. सरकारजवळ कायदा आहे. मग 'लिमिटेड'ची भिंत खरोखर कोणाला अडवते? उधारीवर तूर घालणाऱ्या शेतकऱ्याला, सुतळी-पोती पुरवणाऱ्या दुकानदाराला, टेम्पोवाल्याला. ज्यांना हमी मागता येत नाही, किंवा मागायचे सुचत नाही, त्यांना. ही भिंत बँकेसमोर कमरेएवढी आणि शेतकऱ्यासमोर माडीएवढी आहे. म्हणून पाटी वाचण्याची गरज त्यालाच जास्त. पेढी असताना घातलेल्या मालाचे पैसे राहिले असतील, तर जुन्या भागीदारांकडे व्यक्तिशः मागण्याचा त्याचा हक्क केवळ कंपनी झाल्याने जात नाही. पण तारखेनंतर घातलेल्या मालासाठी त्याच्यासमोर फक्त कंपनी आहे. पावती कोणाच्या नावाची, एवढे तरी त्याने पाहावे.

पाटी रंगवण्यापूर्वी

वकील आणि चार्टर्ड अकाउंटंट आपापले काम करतील. मी घरातल्या माणसांनी काय विचारावे ते सांगतो.

रूपांतराच्या तारखेला कोणाचे किती देणे होते, याची यादी सर्वांच्या सह्यांनी करून ठेवावी. शक्य असेल तेथे सॉलोमनप्रमाणे जुने देणे चुकते करूनच पुढे जावे. शक्य नसेल तेथे बँकेकडून लेखी मुक्तता मागावी : 'अमुक व्यक्तीला अमुक कर्जाच्या व हमीच्या जबाबदारीतून मुक्त केले आहे.' ना हरकत नको, मुक्तता हवी. बँक ती सहज देणार नाही. बदल्यात दुसरे तारण किंवा दुसरा जामीनदार मागेल. पण ही मागणी करण्याची उत्तम वेळ म्हणजे कंपनीला नवे कर्ज हवे असते ती. नंतर कोणी ऐकत नाही. मुक्तता मिळाली की गहाणाचे कागद परत घ्यावेत आणि सात-बाराच्या 'इतर हक्कां'तला बोजा कमी झाल्याचा फेरफार स्वतः जाऊन पाहावा.

भागीदार बाहेर पडत असेल तर नोंदणीकृत पेढीने निबंधकाला कळवावे, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या मराठी वृत्तपत्रात जाहीर सूचना द्यावी. जुनी बिलबुके आणि चेकबुके गोळा करून रद्द करावीत. नव्या कंपनीच्या चेकवर किंवा हुंडीवर सही करताना आपण कंपनीतर्फे करतो आहोत हे लिहावे; नुसते स्वतःचे नाव लिहिले तर परक्राम्य संलेख कायद्याप्रमाणे देणे स्वतःवर येऊ शकते. उरलेल्या भावांकडून भरपाईचा करार करून घ्यावा, पण त्याची किंमत तो करून देणाऱ्याच्या ऐपतीएवढीच आहे, हे विसरू नये.

आणि घरातल्या स्त्रियांनी सही करण्यापूर्वी दोनच प्रश्न विचारावेत : ही सही कंपनीची की माझी? आणि ती कधी संपते? हमीच्या छापील कागदात 'रचनेत बदल झाला तरी हमी चालू राहील' असे वाक्य असते. चालू हमी पुढच्या व्यवहारांपुरती नोटीस देऊन मागे घेता येते. झालेल्या कर्जापुरती येत नाही. मुलांनाही हे माहीत असावे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर, पुढे काढलेल्या कर्जासाठी, केवळ पुत्रधर्म म्हणून बापाचे देणे मुलाकडे मागता येत नाही. पण बापाकडून वारशाने आलेल्या मालमत्तेपुरते देणे तिच्यामागून येतेच.

त्या बाईंचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. बँकेशी तडजोड झाली. मधल्या भावाने आपला प्लॉट विकून बरीच रक्कम भरली. धाकटे गाव सोडून गेले होते. बाकीच्या रकमेसाठी थोरल्यांच्या सहा एकरांतले अडीच एकर विकावे लागले. साडेतीन राहिले. तडजोडीच्या कागदावर सही करायला त्या आल्या तेव्हा मी बोट ठेवण्याआधी एकेक ओळ वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकले. शेवटी एवढेच म्हणाल्या, "हे तवाच वाचून दाखवलं असतं तर, साहेब."

माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. आजही नाही. म्हणून आज आपल्याला वाचून दाखवले.